लेस

पहाटे ५:५०

भोसरीला कंपनीची बस ५:५०ला येते. पुढून दुसरी, खिडकीची सीट माझी. नऊ वर्षांत हे कुणाला सांगावं लागलेलं नाही. मोशी सुटेपर्यंत निम्मी बस झोपलेली असते. चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा मागे पडतो आणि चाकणच्या चौकातली गर्दी लागली की ड्रायव्हर इंजिन बंद करतो. अशा वेळी मी झोपलेल्यांचे श्वास ऐकते. नर्सच्या कानांना ते वळणच पडलेलं असतं.

गेल्या आठवड्यात मागून तिसऱ्या सीटवर कुणीतरी घोरायचं आणि घोरता घोरता थांबायचं. मी मनात आकडे मोजायचे. बारा, तेरा, चौदा. मग बुडणाऱ्याचं डोकं पाण्यावर यावं तसा एक श्वास, मान ताठ, आणि पुन्हा घोरणं सुरू. तो आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. वय ४१. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी आहे. पंच करायच्या आधी माझ्याकडे येऊन जा, असा निरोप मी काल थेट त्याच्या मोबाइलवर दिला. सुपरवायझरकरवी दिला असता तर दुपारपर्यंत सगळ्या लाइनला कळलं असतं.

सकाळी ६:५५

ओएचसी म्हणजे कारखान्यातला दवाखाना. १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे रुग्णवाहिका कक्ष ठेवणं बंधनकारक केलं, त्याचाच हा वाढलेला संसार: दोन खाटा, ऑक्सिजनचा सिलिंडर, स्ट्रेचर, औषधांचं कपाट, वजनकाटा आणि रजिस्टर. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात, दोन-दोन तास. बाकी वेळ आम्हीच. दिवसा मी, रात्री ब्रदर.

ब्रदरने रजिस्टर पुढे सरकवलं. रात्रीची एकच नोंद होती.

‘४:२०. पॅकिंग, हेल्पर (ठेका), वय ४४. मेझनाइनच्या जिन्यावरून उतरताना पडला, उजवा घोटा मुरगळला. बर्फ, क्रेप बँडेज, गोळी दिली. कारण: निष्काळजीपणा. वजन जास्त.’

“शेवटचं वाक्य कुणाचं?”

“सुपरवायझर म्हणाले, मी लिहिलं.” ब्रदर चांगला मुलगा आहे. अडीच तास त्याने त्या माणसाच्या पायावर बर्फ धरून ठेवला होता. पण रजिस्टरातली ओळ आपण लिहितो म्हणजे काय करतो, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मामा दुसऱ्या खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते. पॅकिंगमध्ये त्यांना सगळे मामाच म्हणतात. मी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने दाबत वर गेले, पायाच्या बाहेरच्या कडेवर दाबलं, आणि मग त्यांना चार पावलं चालायला सांगितलं. हाडावर दुखलं नाही आणि चार पावलं टाकता आली. तोंड वाकडं करत का होईना, टाकली. म्हणजे हाड बहुतेक शाबूत होतं.

मग मी त्यांचा बूट उचलला. सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी असलेले, नऊशे-हजार ग्रॅमचं धूड. लेस बांधलेलीच नव्हती. दोन्ही टोकं जिभेच्या बाजूने आत खुपसून ठेवलेली, आणि उजव्या बुटातलं एक टोक बाहेर येऊन टाचेखाली चिरडून काळं झालेलं.

“मामा, ही बांधत का नाही?”

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वाकवत नाही सिस्टर. पोट मधी येतं, श्वास कोंडतो. घरनं निघताना पोरगी बांधून देती. रात्री दोनच्या पुढं पाय सुजत्यात, मग ढिली करावी लागती. परत कोण बांधणार?”

बेचाळीस माणसं असलेल्या पाळीत कुणाला सांगायचं, की माझ्या बुटाची लेस बांध? मी तो बूट बराच वेळ हातात धरून उभी होते.

सकाळी ७:४०

मामांना ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी करून मी जिना बघायला गेले. हे माझ्या कामाच्या यादीत नाही, तरी मी जाते. जखम झाली ती जागा पाहिल्याशिवाय मला जखम कळत नाही.

बारा पायऱ्या. कडेची लोखंडी पट्टी सातव्या पायरीवर झिजून आरशासारखी चकचकीत झालेली. वरची ट्यूब मिणमिणती. कठडा एकाच बाजूला, आणि तोही उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला. पण हात रिकामे असतील तर कठड्याचा उपयोग. मामा रिकामे ट्रे उतरवत होते, कारण मालाची लिफ्ट रात्री बंद ठेवतात. छातीशी ट्रेची चळत, तिच्याखाली पोट. पुढची पायरी त्यांना दिसत नव्हती, पाय तिला अंदाजाने शोधत होता. त्यात लेस.

मी मोबाइलवर चार फोटो काढले आणि त्या झिजलेल्या पट्टीवर बोट फिरवलं. बोट कुठे अडलंच नाही.

सकाळी ८:३०

उंचीवरच्या कामाचा परवाना. शेडच्या पत्र्यावर चढणाऱ्या माणसाचा रक्तदाब बघून सही मी करते. आज ठेकेदाराचा एक फिटर आला. रक्तदाब ठीक, चक्कर नाही, फीट येण्याचा इतिहास नाही. वजन १०८, कमरेची हत्यारं धरून ११३. त्याच्या हार्नेसच्या शिवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: कमाल १०० किलो. पडताना झटका शोषून घेणारी जी घडीची पट्टी असते, ती तेवढ्या वजनावर तपासलेली असते. वजन त्याहून जास्त असेल तर ती पूर्ण उलगडूनही झटका उरतो आणि तो अंगावर येतो.

“म्हणजे मी अनफिट?” त्याने विचारलं. त्याच्यामागे चौघं उभे होते.

“तुम्ही नाही दादा, पट्टा अनफिट आहे. १४० किलोचा मिळतो. तो येईपर्यंत खालचं काम करा.” मी हे मुद्दाम मोठ्याने म्हणाले. ठेकेदाराला फोन करून खालचं काम मिळतंय ना, हेही विचारून घेतलं. मी सही नाकारली म्हणून त्याचा दिवस बुडाला असता, तर पुढच्या वेळी तो वजनकाट्यावर एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला असता. तसे राहणारे मी पाहिले आहेत.

सकाळी ९:१५

वार्षिक तपासणी सुरू आहे. रोज पंचवीस जण. उंची, वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, साखर. लाइनवरून एकेकाला सोडतात, त्यामुळे प्रत्येकजण घाईत असतो. टेप बेंबीच्या पातळीला धरते आणि म्हणते, श्वास सोडा. निम्मे जण श्वास सोडण्याऐवजी पोट आत ओढतात.

भारतीय माणसासाठी पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८०, ही धोक्याची रेघ. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २३च्या वर गेला की वजन जास्त, २५च्या वर लठ्ठपणा. युरोपातल्या माणसांसाठी ही रेघ ३०वर आहे. आपल्याकडे ती खाली ओढावी लागली, कारण तेवढ्याच वजनाच्या आपल्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटात साठते. हातपाय काडीसारखे आणि पुढे घट्ट गोल पोट, ही बांधणी मी रोज पंचवीस वेळा मोजते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळजवळ २३ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. २०२३मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये होता. चरबी म्हणजे श्रीमंतांचा आजार हे आपण लहानपणापासून ऐकलं, पण आता ती खराबवाडीच्या आणि नाणेकरवाडीच्या दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये राहते.

नांदेडकडचा एक ऑपरेटर आज आला होता. त्याचं जुनं कार्ड काढलं. सहा वर्षांपूर्वी भरती झाला तेव्हा ५८ किलो, आज ७९. उंची पाच फूट चार इंच. तेव्हाचा घेर ७६, आजचा ९८.

“काय झालं रे सहा वर्षांत?”

“काही नाही सिस्टर. ड्युटी केली.”

हे उत्तर मी कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवलं. गावाकडे तो शेतात दिवसभर हिंडत होता. इथे मशिनसमोर आठ तास उभा असतो आणि ओव्हरटाइम लागला की बारा. पाळी दर आठवड्याला बदलते. दिवसा झोप चार तास, तीही शेजारच्या खोलीतल्या टीव्हीच्या आवाजात. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि ती भूक पालेभाजीची नसते. पहाटे तीनला शरीर साखर नीट जिरवत नाही, आणि आम्ही त्याला तेव्हाच गोड चहा आणि बिस्किटाचा पुडा देतो.

बाहेर निघताना दाराशी थांबून तो म्हणाला, “सिस्टर, ऐंशी लिहू नका हं. आकडा बघून कामावरून कमी करतील.”

मी ७९च लिहिलं. पण हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा ऐकते, आणि मला ते साखरेच्या आकड्यापेक्षा जास्त घाबरवतं. माणूस गुडघा दुखतोय हे लपवायला लागला, की तो माझ्याकडे पडल्यावरच येतो. त्याला मी इतकंच म्हणाले, की एक किलो उतरवलंस तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. हे मोजून काढलेलं आहे. तो बोटं मोजत गेला. पाच किलो, वीस किलो.

सकाळी १०:१५

चहा. कॅन्टीनमध्ये वडा आणि सामोसा सवलतीत, काकडी-टोमॅटोची ताटली नाहीच. बिनसाखरेच्या चहाची वेगळी टाकी ठेवा म्हणून मी दोन वर्षं अर्ज करत होते, गेल्या दिवाळीत ती आली. आता तिच्यापुढेही रांग असते. बघून बरं वाटतं.

सकाळी ११:१०

अपघातांची बैठक. सेफ्टी ऑफिसर, प्रॉडक्शनचे साहेब, एचआरचे साहेब, दोन कामगार प्रतिनिधी आणि मी. गेल्या तीन महिन्यांतल्या किरकोळ अपघातांचा तक्ता पडद्यावर होता. एचआरच्या साहेबांनी त्याच्याशेजारी दुसरा तक्ता लावला, अमेरिकेतला. ड्यूक विद्यापीठाने आपल्याच ११,७२८ कर्मचाऱ्यांच्या १९९७ ते २००४ या काळातल्या नोंदी तपासल्या होत्या. तो अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. वजन प्रमाणात असलेल्या शंभर पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे नुकसानभरपाईचे ५.८० दावे, तर बीएमआय ४० किंवा जास्त असलेल्या शंभरांमागे ११.६५. बुडालेले दिवस एकीकडे १४.१९, दुसरीकडे १८३.६३.

साहेब म्हणाले, “दावे दुप्पट, दिवस तेरापट. ठेकेदाराला सांगू, तीसच्या वर बीएमआय असलेला माणूस पाठवायचाच नाही.”

आकडे खरे आहेत. मी तो अभ्यास वाचला आहे, आणि लठ्ठपणाचा इजांशी काही संबंध नाही, असं मी कुणालाही कधी म्हणणार नाही. माझ्या खाटेवर तो संबंध रोज झोपलेला असतो. मी त्यांना तोच तक्ता पुन्हा बघायला सांगितलं. बुडालेल्या दिवसांना दाव्यांनी भागलं तर सडसडीत माणूस एका इजेमागे अडीच दिवस घरी राहतो, आणि खूप जड माणूस सोळा. म्हणजे तो दुप्पट वेळा पडतो हे अर्धंच झालं. पडल्यावर त्याला उभं राहायला सहापट वेळ लागतो. मुरगळलेल्या घोट्यावर त्याला पहिल्याच दिवशी नव्वद-शंभर किलो ठेवावे लागतात. मधुमेह असेल तर जखम रेंगाळते. खाटेवर पडून राहिला की स्नायू आणखी जातात, वजन आणखी येतं. त्याला लवकर फिजिओथेरपी द्यायला हवी, हलकं काम द्यायला हवं. आपण काय देतो? सात दिवसांची चिठ्ठी आणि आठव्या दिवशी तोच जिना.

आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे: सर्वात वाईट परिणाम दिसला तो लठ्ठपणा आणि जोखमीचं काम एकत्र आले तिथे. इजा झाल्या त्या पायांना, मनगटाला-हाताला आणि पाठीला. कारणं मुख्यतः घसरून पडणं आणि वजन उचलणं. मग आपल्या हातात जे आहे त्याबद्दल बोलू. घसरायची जागा आपली आहे, उचलायचा खोका आपला आहे.

मी जिन्याचे फोटो दाखवले. मग लेसचा फोटो. मामांचं नाव घेतलं नाही.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, “लेस नसलेले सेफ्टी शूज येतात ना? इलॅस्टिकचे?”

येतात. लोखंडी टोपी तीच, किंमत थोडी जास्त. जिन्याची पट्टी आणि ट्यूब आजच बदलायची ठरली, लिफ्ट रात्री सुरू ठेवायचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. बीएमआय ३०चा विषयही पुढच्या बैठकीवर गेला. म्हणजे तो गेलेला नाही, आणि मला त्याची तयारी करावी लागणार. नांदेडवाल्यासारखी किती कार्डं माझ्या कपाटात आहेत ते मी काढून ठेवणार आहे: येताना केवढा होता, आज केवढा आहे. बाहेरून जड माणूस येऊ नये म्हणून दार लावलं तरी आत त्याला जड करणारी पाळी चालूच राहील.

बैठक संपल्यावर रजिस्टरातल्या त्या ओळीबद्दल मी एचआरच्या साहेबांशी वेगळं बोलले. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर ईएसआयकडून तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या ९० टक्के मिळतो. साधं आजारपण ठरलं तर ७० टक्के. ‘वजनामुळे पाय दुखतो’ असं एकदा कागदावर आलं की माणूस पहिल्या रकान्यातून दुसऱ्या रकान्यात घसरतो, आणि ते घसरणं जिन्यावरच्यापेक्षा महाग पडतं. साहेबांनी ऐकून घेतलं. अपघाताचा अहवाल तुम्हीच भरा म्हणाले.

दुपारी १:०५

डबा. मेथी, दोन पोळ्या, ताक. खिडकीतून ट्यूब बदलायला निघालेला इलेक्ट्रिशियन दिसला, शिडी घेऊन.

दुपारी १:४०

पॅकिंग. इथे गेल्या महिन्यात चौघांची कंबर धरली. त्यातल्या तिघांचं पोट सुटलेलं आहे, म्हणून लाइनवर त्याचं उत्तर आधीच तयार होतं. मी आज मोजायची टेप घेऊन गेले.

खोका १५ किलोचा. जमिनीवरच्या पॅलेटवरून उचलून टेबलावर ठेवायचा. पॅलेट धरून पकडीची उंची १५ सेंटिमीटर. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचं १९९१चं एक सूत्र आहे, ते मला पाठ आहे: सगळं आदर्श असेल तर माणसाने २३ किलो उचलावे, आणि एकेक गोष्ट बिघडत गेली की एकेक गुणक लावून ते कमी करत जायचं. त्यात खूप कापणारी एक गोष्ट म्हणजे घोट्यांपासून हातांचं अंतर. २५ सेंटिमीटरपर्यंत कापाकापी नाही. पुढे अंतर वाढेल तसं २५ला त्या अंतराने भागायचं.

आधी एक सडपातळ मुलगा उभा केला. खोका पोटाला चिकटवून उचलला: २८ सेंटिमीटर. मग ज्यांची कंबर धरली होती त्यांतला एक. त्याने खोका जमेल तेवढा जवळ ओढला, पोटाला टेकवला: ४० सेंटिमीटर. त्याहून जवळ खोका येऊच शकत नव्हता.

मी पॅलेटच्या कडेवर वही ठेवून गणित केलं. जमिनीलगतची पकड धरून मुलासाठी मर्यादा निघाली १६.८ किलो. दुसऱ्यासाठी ११.८. खोका तोच, १५चा. एकाला तो मर्यादेच्या आत, दुसऱ्याला मर्यादेच्या तीन किलो वर, दिवसातून चारशे वेळा धरला तर चारशे वेळा. खरं तर इतक्या वेळा उचलायचं म्हटलं की दोघांचीही मर्यादा आणखी खाली येते. त्या सूत्रात माणसाच्या वजनाचा रकानाच नाही. तरी पोट तिथे आलंच, अंतराच्या रूपाने.

मी ते आकडे मोठ्याने वाचले. तो माणूस माझ्याकडे बघत होता. मग सुपरवायझरकडे वळून म्हणाला, “बघा. मी नाटक करत नव्हतो.”

भरलेल्या पॅलेटखाली आम्ही चार रिकामी पॅलेटं टाकून पाहिली. पकड मांडीच्या वर आली. मर्यादा १४.४ झाली. अजूनही पंधराला पुरत नाही, पण खोका आधी कडेपर्यंत सरकवून, पॅलेटला फेरी मारून जवळच्या बाजूने उचलला तर अंतर तीन-चार सेंटिमीटर कमी होतं आणि मग पुरतं. सुपरवायझरने खडूने जमिनीवर पॅलेटच्या भोवती फिरायची वाट आखली. हा रात्री ‘वजन जास्त’ म्हणणाऱ्या सुपरवायझरचा जोडीदार. बाकीच्या दोन्ही पाळ्यांना सांगतो म्हणाला. सडपातळ मुलाने विचारलं, “मला पण चार पॅलेटं चालतील का? माझी पण दुखते, मी बोललो नव्हतो.”

दुपारी २:४५

फोर्कलिफ्टवाला आला. दार लोटून घेतलं, बसला नाही.

“बसा दादा.”

आठ प्रश्नांची एक यादी असते. मोठ्याने घोरता का? हो, बायको पोरांना घेऊन दुसऱ्या खोलीत झोपते. दिवसा दमल्यासारखं, पेंगल्यासारखं वाटतं का? कुणाला वाटत नाही सिस्टर. झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलं का? आधी बायको हलवून उठवायची. रक्तदाब? गोळी चालू आहे. बीएमआय ३५च्या खाली, वय पन्नासच्या आत, हे दोन सुटले. पुरुष, एक. राहिला गळा.

मी टेप त्याच्या मानेभोवती घेतली. कॉलरचं वरचं बटण कधीपासून लागत नसावं. त्या जागी घामाची एक पांढरी रेघ होती. कंठाच्या खाली टेप जुळवली. ४३. रेघ चाळिसाची आहे. आठांपैकी सहा.

त्याला चित्र काढून सांगितलं. गळ्याभोवती चरबी साठली की झोपेत सैल पडलेली श्वासाची वाट दाबली जाते. हवा थांबते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून जागा करतो. रात्रभर हेच. सकाळी माणूस म्हणतो आठ तास झोपलो, पण त्याची झोप झालेलीच नसते. मग दुपारी स्टिअरिंगवर दोन सेकंद डोळा लागतो. तुमची गाडी अडीच टनी, रिकामी असली तरी तिचंच वजन साडेतीन टनांच्या पुढे. दोन सेकंदांत ती गल्ली ओलांडते, आणि गल्लीत पॅकिंगच्या बायका चालतात.

“सिस्टर, गाडीवरनं उतरवू नका. ऑपरेटरचा भत्ता जाईल. लेकीची फी त्यातनं जाते.”

माझे वडील ट्रक चालवायचे. जेवताना ताटावर त्यांचा डोळा लागायचा, हात घासासकट थांबलेला, आणि आम्ही पोरं खदखदून हसायचो. तो आजार होता, हे मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. तोवर ते गेले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. पण त्याच्यासमोर बसून डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर, त्याला सगळं ऐकू येईल असा. डॉक्टर म्हणाले, झोपेची तपासणी होईपर्यंत फोर्कलिफ्ट नाही, रात्रपाळी नाही. दिवसा स्टोअरला बसू दे. आजार निघाला तर उपचार आहे. रात्री नाकावर मास्क लावायचा, हवेच्या दाबाने वाट उघडी राहते. पुष्कळांना पहिल्याच आठवड्यात फरक कळतो, आणि मग तुम्ही पुन्हा गाडीवर.

भत्त्याचं डॉक्टरांच्या हातात नाही, माझ्याही नाही. मी बदलीच्या कागदावर ‘वैद्यकीय कारण, तात्पुरते’ एवढंच लिहिलं, आजाराचं नाव लिहिलं नाही, आणि खाली एक ओळ जोडली: तपासणीच्या काळात भत्ता चालू ठेवावा ही विनंती. एचआरच्या साहेबांकडे मी स्वतः घेऊन जाणार म्हणाले.

तो काही बोलला नाही. टेबलावरची टेप त्याने उचलली होती आणि ती बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, गुंडाळत होता. मग ती नीट घडी करून ठेवली आणि उठला.

“आज तर चालवू द्या. दुसरा माणूस नाही पाळीला.”

“नाही दादा.”

दुपारी ३:५०

भत्त्याच्या कागदावर साहेबांनी ‘चर्चा करू’ लिहिलं. उद्या पुन्हा जायचं.

अपघाताच्या अहवालात मूळ कारणासाठी दीड ओळ जागा असते. मी लिहिलं: ‘जिन्याच्या सातव्या पायरीची पट्टी झिजलेली, प्रकाश अपुरा, मालाची लिफ्ट बंद असल्याने दोन्ही हातांत ट्रे, बुटाची लेस सुटलेली, कामगाराला वाकून लेस बांधता येत नाही, पाळीत पाय सुजतात.’ अक्षर बारीक करावं लागलं. वजन मी लपवलं नाही. ते त्या वाक्यात आहे, जिथे त्याने काम केलं तिथे.

बस कुरुळीच्या पुढे आल्यावर मामांना फोन लावला. फोन पोरीने उचलला, मग त्यांना दिला. पाय उशीवर आहे, ईएसआयच्या डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले, सूज सकाळपेक्षा कमी. मी म्हटलं, चौथ्या दिवसापासून घोटा हळूहळू गोल फिरवायचा, पोरीला समोर बसवून मोजायला सांगा, वीस वेळा. आणि नवे बूट मागवतोय, बिनलेसचे. नंबर काय तुमचा?

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला.

“कामावर येताना आठ, सिस्टर,” ते म्हणाले. “सुटताना नऊ.”

मी नऊ लिहून घेतला.